कोरियन मालिका बालाघाटला कशा कळतात?

"हे सगळे सारखेच दिसतात गं! कोण कोण आहे ते तुला कळतं कसं?"

ज्या घरात कोरियन मालिका पाहणारी मुलगी आहे, त्या घरात हा प्रश्न एकदा तरी विचारला जातोच. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात तो कधी मराठीत येतो, कधी पोवारीत, कधी हिंदीत. पाठोपाठ दुसराही येतो: भाषा कळत नाही, देश पाहिलेला नाही, मग रडू कशाचं येतं? विचारणाऱ्या आईचा किंवा आजीचा सूर टोमण्याचा असेल, पण दोन्ही प्रश्न अस्सल आहेत. या प्रकरणात त्यांची उत्तरं शोधू.

१. चेहरे ओळखू येऊ लागतात ते कसे?

लहानपणापासून ज्या प्रकारचे चेहरे आपण सतत पाहतो, त्यांतले बारीक फरक मेंदू सहज टिपतो. अनोळखी प्रकारच्या चेहऱ्यांत मात्र त्याला आधी साम्यच दिसतं. १९६९ मध्ये रॉय माल्पास आणि जेरोम क्रॅविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं. त्यानंतर जगभर असे प्रयोग झाले आणि सगळीकडे साधारण तेच आढळलं. म्हणजे कोरियन आजीला बालाघाटचे लोक दाखवले, तर तीही म्हणेल की हे सगळे सारखेच दिसतात.

ही अडचण कायमची नसते. लहानपणी फ्रान्समधल्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी चाचणी घेतली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मंडळींना आशियाई चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे जास्त चांगले ओळखता आले. जन्म कुठला यापेक्षा रोज समोर कोण असतं, हे महत्त्वाचं ठरलं.

परक्याला जुलैतली धानाची सगळी बांधी एकसारखी हिरवी दिसते. वारासिवनीच्या शेतकऱ्याला मात्र त्यातला चिन्नोर कुठला आणि दुसरं वाण कुठलं, हे धुऱ्यावरूनच कळतं. ती नजर पाहून पाहून तयार झालेली असते. मालिकेतही तेच होतं. पहिल्या दोन भागांत प्रेक्षक केसांवरून, कोटावरून, आवाजावरून माणसं ओळखतो. तिसऱ्या-चौथ्या भागात नायकानं केस कापले तरी गोंधळ होत नाही.

इथे एक गोष्ट जरा कडकच सांगायला हवी. भारतातल्या मोठ्या शहरांत शिकायला गेलेल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना याच "सारखे दिसतात" या वाक्याच्या जोरावर हिणवलं जातं. चेहरे वेगळे ओळखायची सवय कोरियन मालिकांमुळे लागत असेल, तर हा या मालिकांचा फार मोठा फायदा आहे. त्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

२. संपणारी गोष्ट

आता मालिकेच्या बांधणीकडे येऊ. नव्या प्रेक्षकाला पहिला धक्का बसतो तो इथेच: ही मालिका संपते.

ठरावीक कोरियन मालिका सोळा भागांची असते, भाग साधारण सत्तर मिनिटांचा. आठवड्यातल्या लागोपाठच्या दोन संध्याकाळी एकेक भाग, सोमवार-मंगळवार किंवा शनिवार-रविवार. आठ आठवड्यांत गोष्ट पूर्ण. हिशेब केला तर सोळा गुणिले सत्तर म्हणजे ११२० मिनिटं, एकोणीस तासांहून थोडी कमीच. याउलट 'चार दिवस सासूचे' या मराठी मालिकेचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. जाहिराती वगळून प्रत्येकी बावीस मिनिटं धरली, तरी अकराशे तास होतात. तेवढ्या वेळात जवळपास साठ कोरियन मालिका पाहून होतील.

यातून चांगलं-वाईट ठरत नाही; रोज रात्री जेवताना सोबत करणारी मालिका ही वेगळीच गरज भागवते. पण शेवट ठाऊक असला की लेखकाला गोष्ट मागून पुढे रचता येते. पहिल्या भागातली छत्री पंधराव्या भागात कामाला येते. नायिकेचं लग्न लांबवण्यासाठी अपघात आणि स्मृतिभ्रंश आणावे लागत नाहीत. स्मृतिभ्रंश कोरियन मालिकांनाही पुष्कळ आवडतो, हे खरं. तरी तो आवरता घ्यावाच लागतो.

आणखी एक: बहुतेक वेळा सगळी मालिका एकच लेखक लिहितो, आणि या लेखकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. किम उन-सुक यांनी 'डिसेंडंट्स ऑफ द सन' (सहलेखकासोबत) आणि 'गॉब्लिन' (दोन्ही २०१६) लिहिल्या, पुढे 'द ग्लोरी' लिहिली. पार्क जी-उन यांच्या नावावर 'माय लव्ह फ्रॉम द स्टार', 'क्रॅश लँडिंग ऑन यू' आणि 'क्वीन ऑफ टियर्स' आहेत. कानेटकरांचं नाटक म्हणून तिकीट काढणारा मराठी प्रेक्षक ज्यांना आठवतो, त्यांना मुरलेला चाहता नटांआधी लेखिकेचं नाव का पाहतो, हे वेगळं सांगायला नको.

मालिकेत पात्रं सारखी त्याच एका सँडविचच्या दुकानात का जातात, असंही पुष्कळजण विचारतात. कारण साधं आहे. केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रम मध्येच थांबवून जाहिरात दाखवायला मनाई होती. ती २०२१ मध्ये उठली. गोष्टीच्या आतच वस्तू दाखवण्याची वाट मात्र २०१० पासून मोकळी झाली होती. म्हणून नायक-नायिका भांडतात तेही एखाद्या कंपनीच्या कॉफीचा कप हातात धरून.

३. आधी वय विचारायचं

कोरियन मालिकेत दोन अनोळखी माणसं भेटली की थोड्याच वेळात एक दुसऱ्याला विचारतो, तुझा जन्म कोणत्या वर्षीचा? पाश्चात्त्य प्रेक्षक इथे बुचकळ्यात पडतो. मराठी प्रेक्षकाला मात्र हे लगेच उमगतं, कारण पुढचं प्रत्येक वाक्य कसं बोलायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. वर्षभरानं मोठा असला तरी तो मोठा. मुलगी मोठ्या मुलाला 'ओप्पा' म्हणते, मोठ्या मुलीला 'ऑन्नी'. कॉलेजात पुढच्या वर्गात असलेला तो 'सनबे'. नुसत्या नावानं हाक मारणं हा एक तर अपमान किंवा फार मोठी जवळीक.

वयाची मोजणीही वेगळी होती. जुन्या पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकानं वाढे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! जून २०२३ पासून कोरियानं कायद्यानं जगभरची पद्धत स्वीकारली. त्याआधीच्या मालिकांत पात्रांचं वय ऐकून गोंधळ झाला, तर कारण हे असतं.

क्रियापदांतूनही हा मान दिसतो. आपल्याकडे 'तुम्ही या' आणि 'तू ये' यांत जे अंतर आहे, तसं तिथे अनेक पायऱ्यांचं आहे. सहा भाग 'अहो-जाहो'च्या भाषेत बोलणारा नायक सातव्या भागात एकदम एकेरीवर येतो आणि नायिका दचकते. त्या प्रसंगात हातात हात नसतो, गाणंही नसतं. तरी त्या सोळा भागांतली ती मोठी घटना असते. इंग्रजी उपशीर्षकांत ती पुसली जाते, कारण तिथे दोन्हीकडे तोच एक 'यू'. इंग्रजीवर विसंबणाऱ्या प्रेक्षकाला नायिका कशानं दचकली, हे कळतच नाही.

४. एका गल्लीचं जेवण

हे सगळं एकाच जागी पाहायचं असेल तर 'रिप्लाय १९८८' पाहावी. २०१५-१६ मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आलेली ही वीस भागांची मालिका. सोलमधल्या सांगमुनदोंग या वस्तीत एकाच गल्लीत राहणारी काही कुटुंबं आणि बरोबरीनं वाढलेली पाच मुलं. खून नाही, राजवाडा नाही, अब्जाधीश वारसही नाही.

पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाची वेळ होते. एक आई जास्तीची भाजी वाडग्यात काढते आणि मुलाला शेजारी पिटाळते. शेजारीण रिकामं भांडं परत कसं पाठवणार? ती आपल्याकडचं काही त्यात घालते. तेवढ्यात तिसऱ्या घरातून चौथ्या घरात काही निघालेलं असतं. गल्लीभर मुलं हातात ताटं-वाडगी घेऊन धावताहेत, एकमेकांना आडवी जाताहेत, आणि शेवटी प्रत्येक घरच्या जेवणात सगळ्या गल्लीचे पदार्थ. मुलं वैतागतात, एवढं करण्यापेक्षा एकत्रच बसून जेवा ना! तीन-चार मिनिटांच्या या प्रसंगात कोण सुखवस्तू, कोण ओढगस्तीत, कुठल्या घरात आई नाही, हे न सांगता कळतं.

याच भागात दोकसन या मधल्या मुलीचा वाढदिवस येतो. थोरल्या बहिणीचा वाढदिवस जवळच असतो, म्हणून दरवर्षी एकाच केकवर दोघींचं भागवलं जातं. या वर्षीही तेच होतं आणि तिचा बांध फुटतो. अंड्यापासून कोंबडीच्या तंगडीपर्यंत घरात आपल्या वाट्याला नेहमी उरलेलंच का येतं, हे ती रडत रडत ओरडून विचारते. वडील बँकेत नोकरीला, पण मित्राला जामीन राहून कर्जात बुडालेले. कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. नंतर ते एकटेच छोटा केक घेऊन गल्लीत तिची वाट पाहत थांबतात आणि सांगतात की बाप होण्याची त्यांचीही ही पहिलीच वेळ आहे. ही भूमिका सोंग दोंग-इल यांनी केली आहे. हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहणारं मधलं भावंड सापडणं कठीण.

"रडू कशाचं येतं" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जामीन राहिलेला बाप, दुर्लक्षित मधली मुलगी आणि भरून परत जाणारं भांडं, यांतलं काहीच बालाघाटला परकं नाही.

५. सगळं काही कोरियन नसतं

बाहेरून सगळ्यालाच 'कोरियन' म्हणण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात जपान, चीन आणि तैवान यांच्या मालिकांची घडण निराळी आहे.

जपानी मालिका आटोपशीर, बहुधा दहा-अकरा भागांची, तीन महिन्यांच्या एका हंगामात संपणारी. 'मिडनाइट डायनर' पाहावी: टोकियोच्या शिंजुकू भागात मध्यरात्री बारा ते सकाळी सात उघडी राहणारी एक खानावळ, मोजकं बोलणारा मालक, आणि दर भागात एक गिऱ्हाईक, एक पदार्थ, एक आयुष्य. चिनी मालिका लांब असतात. 'नर्वाना इन फायर' ५४ भागांची, 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' ७० भागांची. २०२० मध्ये तिथल्या सरकारी नियामकानं चाळीस भागांची मर्यादा घातली. चिनी नटांचे आवाज अनेकदा दुसऱ्याच कुणाचे असतात, आणि बोली निरनिराळ्या असल्यामुळे चिनी प्रेक्षकही उपशीर्षकं वाचतच मालिका पाहतो.

या देशांतून गोष्टी एकमेकांकडे जात-येत असतात. योको कामिओ यांची 'हाना योरी दांगो' ही जपानी चित्रकथा १९९२ मध्ये सुरू झाली: श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी गरीब मुलगी आणि चार मग्रूर मुलं. तैवाननं २००१ मध्ये तिच्यावर 'मीटिऑर गार्डन' केली, जपाननं २००५ मध्ये स्वतःची मालिका काढली, कोरियानं २००९ मध्ये 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स', चीननं २०१८ मध्ये पुन्हा 'मीटिऑर गार्डन'. कोरियात नायिकेच्या घरचा धंदा कपडे धुण्या-इस्त्रीचा आहे. चारही मालिका पाहिल्या तर कोणत्या समाजाला गरिबी आणि मग्रुरी कशी दाखवावीशी वाटते, हे समोर येतं.

६. इथवर आल्या कशा

कोरियन मालिकांची ही लाट आपल्याकडे टाळेबंदीत अचानक उसळली, असा समज आहे. तो अर्धाच खरा.

मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या पडद्यावर कोरियाची आरिरांग वाहिनी आली, मागून सीडींवर मालिका आल्या. २००६ च्या सुमारास दूरदर्शननं 'एम्परर ऑफ द सी' आणि 'ज्वेल इन द पॅलेस' हिंदीत दाखवल्या. यांतली दुसरी, राजवाड्यातल्या स्वयंपाकघरातून राजवैद्य होण्यापर्यंत पोचलेल्या जांगगमची चौपन्न भागांची कहाणी, आशियाभर गाजली होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'पुतुयुगम' वाहिनीनं कोरियन मालिका तमिळमध्ये आणल्या. २०१७ मध्ये 'जिंदगी' वाहिनीवर 'डिसेंडंट्स ऑफ द सन' लागली.

छोट्या गावांचं चित्र पालटलं ते २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाईल डेटामुळे. घरातल्या एकुलत्या टीव्हीवर काय लागणार, हे मोठी माणसं ठरवत. हातातल्या मोबाईलवर मुलगी स्वतः ठरवू लागली. मग टाळेबंदी आली. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार भारतात २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये कोरियन मालिका पाहण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांहून जास्त वाढलं. २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' आली आणि त्यात दिल्लीचे अनुपम त्रिपाठी अली या स्थलांतरित कामगाराच्या भूमिकेत दिसले, तेव्हा मालिका न पाहणाऱ्यांनाही तिचं नाव कळलं.

७. भाताच्या मुलखात

बालाघाट १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं. वैनगंगा इथून पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. लांजी, कटंगी, वारासिवनीकडे घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी असं चालतच आलेलं आहे. अशा ठिकाणच्या प्रेक्षकाला भाषेची भीती कमी असते. अर्धवट कळणाऱ्या बोलण्यातून बाकीचं ताडून घ्यायची सवय त्याला लहानपणापासून असते.

नाटकाचंही तसंच. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव शंकरपट भरतो आणि रात्री मंडपात नाटक उभं राहतं, ते पहाटेपर्यंत चालतं. वडसा हे त्या नाट्यमंडळ्यांचं केंद्र. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कुटुंबाची ताटातूट, अन्याय, मध्येच विनोद, गाणी, आणि पहाटे डोळे पुसत घरी जाणारी माणसं: शहरातल्या समीक्षकांनी भडक म्हणून नाक मुरडलेला हाच ऐवज कोरियन मालिकांत आहे, फक्त चित्रीकरण महागडं आहे. रात्रभर बसून रडण्या-हसण्याची ज्यांना लाज वाटत नाही, त्यांना या मालिका लवकर आपल्याशा होतात.

आणि भात. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. इथला मऊ, सुवासिक भात आणि कोरियाचा चिकट भात यांची चव वेगळी. पण घरी आलेल्याला आधी जेवलास का म्हणून विचारायचं, हे दोन्हीकडे सारखंच. जपानच्या 'ओशिन'मध्ये तर भात हाच गोष्टीचा कणा आहे. सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली ही मालिका १९८३-८४ मध्ये रोज पंधरा मिनिटं अशी २९७ भाग चालली. जपानमध्ये तिची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के होती आणि पुढे साठांहून जास्त देशांत ती दाखवली गेली. कुळाच्या घरातली सात वर्षांची मुलगी तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात परक्या घरी कामाला पाठवली जाते. बर्फ पडत असताना ती नदीतून तराफ्यावरून निघते आणि बाप काठाकाठानं धावत राहतो. रोवणीच्या दिवसांत घरात धान्य संपल्याचं ज्या आजीनं पाहिलं आहे, तिला या प्रसंगासाठी उपशीर्षकाची गरज नाही.

८. पडद्यावर न येणारं

चाहत्यानं एवढं लक्षात ठेवावं की मालिका म्हणजे देश नव्हे. पडद्यावर प्रेमकथांचा पूर असलेल्या दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. कामाचे लांबलचक तास, शिकवण्यांचा ताण, घरांच्या किमती ही कारणं चांगल्या मालिकांतही डोकावतात. नितळ गोऱ्या चेहऱ्यांचा सोस मात्र तसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे गोरेपणाचं वेड आधीच भरपूर आहे.

९. सुरुवात कुठून करावी?

घरात प्रश्न विचारणारी आई किंवा आजी असेल तर तिला शेजारी बसवावं आणि 'रिप्लाय १९८८'चा पहिला भाग लावावा. प्रेमकथा हवी असेल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू': वादळात पॅराग्लायडरसकट उत्तर कोरियात जाऊन पडलेली श्रीमंत उद्योजिका आणि तिला लपवणारा सैनिक. रोज थोडाच वेळ असेल तर 'मिडनाइट डायनर'. हिंदी आवाजात पाहायला हरकत नाही, पण एखादा भाग तरी मूळ आवाजात पाहावा. रडणं आणि रागावणं डबिंगमध्ये निम्मं उरतं.

शेवटी एक विनंती. 'व्हिकी' नावाच्या सेवेवर कितीतरी भाषांतली उपशीर्षकं चाहतेच विनामोबदला लिहितात. काहीजण संवादांचे वेळेनुसार तुकडे पाडतात, काहीजण ते आपल्या भाषेत भरतात, आणि त्यांतले पुष्कळजण इंग्रजीवरूनच काम करतात. इंग्रजीत हरवलेला तू-तुम्हीचा फरक मराठीत परत आणता येतो, कारण कोण मोठा, कोण धाकटा, हे चाहत्यानं मालिकेत पाहिलेलं असतं. बालाघाट, गोंदिया, नागपूरकडच्या ज्या मुलामुलींना या मालिका पाठ आहेत, त्यांनी एका आवडत्या मालिकेचा एक भाग मराठीत करून पाहावा. इंग्रजी न वाचणारी घरातली माणसं तो नक्की पाहतील.